शीग आणि काटा

ज्या वस्तूवरून शब्द निघाला ती वस्तू घरातून गेली, तरी शब्द बोलण्यात राहतो, असे भाषेत पुष्कळदा घडते. उत्सुकता शिगेला पोचली, असे आपण सहज लिहितो. पण शीग म्हणजे काय, हे आजच्या किती तरुणांस सांगता येईल? धान्याचे माप काठोकाठ भरल्यावरही वर ओतीत राहिले की दाण्यांचा निमुळता ढीग उभा राहतो, आणि एका मर्यादेपलीकडे त्यावर टाकलेला प्रत्येक दाणा घरंगळून खाली येतो. तो वरचा ढीग म्हणजे शीग. झुकते माप देणे, माप पदरात घालणे, शेरास सव्वाशेर भेटणे, दांडी मारणे, हे सारे वाक्प्रचार त्याच धान्यपेठेतून आपल्या बोलण्यात आले. पेठेत आता काटे आले, पायल्या माळ्यावर गेल्या, आणि मापाने सांगितलेले सारे काही वजनात मांडण्याचे काम आपल्या पिढीवर येऊन पडले. हे काम वरवर पाहता केवळ त्रैराशिकाचे दिसते. परंतु पायलीचे किलो करीत असता त्या शिगेचे काय करावयाचे, हा प्रश्न त्रैराशिकाने सुटत नाही. तो नीतीचा प्रश्न आहे, आणि त्याचाच विचार आम्ही येथे करणार आहोत.

हा प्रश्न देवस्थानांत अजून जिवंत आहे. बेळगाव, निपाणी, खानापूर या पट्ट्यातील लहानमोठ्या मंदिरांतून, तसेच घाटाखाली मंगेशी, कवळे, म्हार्दोळ येथे ज्यांची कुलदैवते आहेत अशा घराण्यांतून, नैवेद्याच्या व अन्नदानाच्या नेमणुका पूर्वी मापानेच लिहिल्या जात. समजा, एखाद्या जुन्या दानपत्रात लिहिले आहे की, अमुक जमिनीच्या उत्पन्नातून दर वर्षी उत्सवात पाच पायल्या तांदूळ व दीड पायली डाळ शिजवून आल्यागेल्यास घालावी. दाता कधीच दिवंगत झाला, जमीन कुळाकडे गेली, ठेवीचे व्याज मात्र येते. आजचे विश्वस्त हिशेब किलोत ठेवतात. मग कोणी तरी कोष्टक काढतो: चार शेरांची एक पायली, सरकारी तक्त्याप्रमाणे एक शेर म्हणजे ९३३ ग्रॅम, म्हणून पाच पायल्या म्हणजे अठरा किलो सहाशे साठ ग्रॅम. हिशेब बिनचूक आहे, आणि उत्तर चूक आहे.

चूक कोठे आहे ते पाहू. शेर हा शब्द एक, पण शेर दोन होते. एक वजनाचा शेर, दुसरा मापाचा शेर. ऐंशी तोळ्यांचा पक्का शेर हा वजनाचा. १९५६च्या कायद्याने ज्याचे ९३३ ग्रॅम ठरविले तो हाच. सोनाराचा तोळा आणि वाण्याचा हा शेर एकाच कुळातले. मापाचा शेर मात्र भांड्याचा. दोन निळव्यांचे एक कोळवे, दोन कोळव्यांचे एक चिपटे, दोन चिपट्यांचे एक मापटे, दोन मापट्यांचा एक शेर, दोन शेरांची अडशेरी आणि दोन अडशेऱ्यांची पायली, ही परंपरा पोकळीची आहे, भाराची नव्हे. पायलीच्या वर गेले की एकवाक्यता संपते. कोठे बारा पायल्यांचा मण, कोठे सोळांचा. मराठेशाहीच्या कागदांत हा भेद ध्यानात ठेवून धान्याचे आकडे लिहिताना 'कैली' आणि 'वजनी' असे स्पष्ट शब्द घालीत. कैली म्हणजे मापाने, वजनी म्हणजे तोलाने. ज्या कारकुनाने 'कैली' लिहिले त्याला ठाऊक होते की, हा आकडा तागडीत घालावयाचा नाही. आपण तो शब्द विसरलो आणि मापाचा शेर वजनाच्या तक्त्यात नेऊन बसविला.

नुसत्या नावावर विसंबता येत नाही, याचे याहून ठळक उदाहरण कुडव या शब्दाचे आहे. प्राचीन ग्रंथांत चार कुडवांचा प्रस्थ, चार प्रस्थांचा आढक, चार आढकांचा द्रोण. म्हणजे कुडव हा द्रोणाचा चौसष्टावा भाग, एक लहानसे भांडे. गोव्यात तोच कुडव पायल्यांच्या वरच्या पायरीवर जाऊन बसला, आणि कुडवांची खंडी झाली. कन्नड शिलालेखांत देवालयांना दिलेल्या धान्याच्या नोंदी सोलगे, बळ्ळ, कोळग आणि खंडुग या मापांत आढळतात. त्यांतला खंडुग आणि आपली खंडी ही नावे एकमेकांजवळची, पण तेवढ्यावरून त्यांचे मोल एक ठरत नाही. आमच्या सीमेवर तर एका दिवसाच्या बैलगाडीच्या प्रवासात इंग्रजी मुलूख, कोल्हापूर संस्थान आणि पटवर्धनी जहागिरी अशा निरनिराळ्या अमलांतून माणूस जात असे. पायली सगळीकडे पायलीच. परंतु कोणती पायली, हे गाव सांगितल्याखेरीज समजत नसे.

बरे, एकच भांडे घेतले, तरी त्यात कोणता जिन्नस भरला यावर त्याचे वजन ठरते. समजा, बरोबर चार लिटर पाणी मावेल असे भांडे आपण घेतले. पाणी भरले तर ते चार किलो भरेल. तेच भांडे सपाट भरून तांदूळ घेतले तर सुमारे सव्वातीन किलो, गहू तीन किलोंहून थोडे अधिक, जोंधळे तीन किलोंच्या आसपास, साखर सुमारे तीन किलो चारशे ग्रॅम, रवा पावणेतीन किलोंच्या आगेमागे. चाळलेली कणीक घातली तर दोन सव्वादोन किलोच. बारीक मीठ घातले तर साडेचार किलोंच्याही वर. आणि चुरमुरे घातले तर अर्धा किलोसुद्धा भरणार नाहीत. कणकेचा तर भरवसाच नाही. हलक्या हाताने चाळून भरलेली वाटी आणि डब्यातून दाबून काढलेली वाटी यांत पंचवीस-तीस ग्रॅमांचे अंतर सहज पडते. दाण्यांमधील हवा किती, यावर हा सारा खेळ आहे. मापात आपण धान्य मोजतो, तसे त्याच्या फटींतील रिकामी जागाही मोजतो.

सत्यनारायणाच्या प्रसादात याचा प्रत्यय घरोघर येतो. कथेत केळी, तूप, दूध, गव्हाचे पीठ, साखर किंवा गूळ हे जिन्नस सांगितले आहेत आणि ते सव्वा प्रमाणात घ्यावेत असे म्हटले आहे. सव्वा काय, हे सांगितलेले नाही. सव्वा वाटी, सव्वा शेर, सव्वा किलो, काहीही चालते. आमच्या घरोघरच्या स्त्रिया सव्वा वाटी रवा, सव्वा वाटी साखर, सव्वा वाटी तूप असे समसमान माप घेत आल्या. मंदिरात पाचशे माणसांचा प्रसाद करावयाचा झाला की आचारी काट्यावर येतो, आणि रवा, साखर, तूप ही सारी सारख्या वजनाने घेतो. नेम दोघांनीही पाळला. पण वाटीला वाटी साखर म्हणजे वजनाने रव्याच्या सव्वापट नव्हे, तरी त्याच्या जवळपास. आणि किलोला किलो म्हणजे बरोबरी. घरच्या गोडीपेक्षा मंदिराची गोडी सुमारे एकपंचमांशाने उतरते, तूपही कमी पडते, आणि मग म्हातारी माणसे म्हणतात की, पूर्वीच्या प्रसादाची चव राहिली नाही. दोष श्रद्धेचा नसतो, आचाऱ्याचाही नसतो. सव्वा हे प्रमाण होते; ते भांड्यातून काट्यावर नेताना प्रमाण बदलले एवढेच.

यावरून कोणी म्हणेल की, मग माप हेच खोटे आणि वजन हेच खरे. आम्हांस ते मान्य नाही. स्वयंपाकघरात माप हे एका जिनसाचे दुसऱ्याशी असलेले नाते सांगते. तांदळाला दुप्पट पाणी, हे सांगण्यास कोणत्याही सरकारचा शिक्का लागत नाही. वाटी लहान असो वा मोठी, दोन्ही वेळा तीच असली म्हणजे झाले. अमेरिकेतील गृहिणी आजही कपाने मोजते आणि युरोपातील बहुधा काट्याने. तिकडेही हा भेद आहे. बोस्टनच्या फॅनी फार्मर या बाईंनी १८९६ साली प्रसिद्ध केलेल्या आपल्या पाकशास्त्राच्या पुस्तकात कप व चमचा काठाशी सपाट करून घेण्याचा आग्रह धरला, आणि तो तिकडे रूढ झाला. म्हणजे तिकडेही अडचण कपाची नव्हती, कपावरच्या शिगेची होती. परगावी आणि परदेशी गेलेल्या आमच्या लेकीसुना आईची वाटी सोबत नेतात, त्यात भावना असेल, पण शहाणपणही आहे. घरात देणारा आणि घेणारा वेगळा नसतो. म्हणून तेथे माप पुरते.

देणारा आणि घेणारा वेगळे झाले की शीग बोलू लागते. ही शीग किती मोठी असते, याची कल्पना आज पुष्कळांना नाही. भास्कराचार्यांनी लीलावतीत धान्याच्या राशीचे गणित दिले आहे. राशीचा परीघ मोजावा. जाड धान्याच्या राशीची उंची परिघाच्या दहाव्या हिश्शाइतकी, बारीक धान्याची अकराव्या, आणि कुसळे असलेल्या धान्याची नवव्या हिश्शाइतकी धरावी. परिघाच्या सहाव्या भागाचा वर्ग करून त्यास उंचीने गुणावे, म्हणजे राशीचे घनफळ येते. धान्याच्या जातीगणिक राशीचा उतार वेगळा, हे त्यांनी बाराव्या शतकात सूत्रात बांधले. हेच गणित आपल्या चार लिटरांच्या भांड्यास लावू. भांड्याचे तोंड वीस सेंटिमीटर रुंद असेल, तर परीघ सुमारे त्रेसष्ट. हरभऱ्याची शीग सहा सेंटिमीटरांहून थोडी उंच. आणि तिचे घनफळ सुमारे सातशे घन सेंटिमीटर. म्हणजे सपाट मापाच्या सहाव्या भागाहूनही अधिक धान्य काठाच्या वर राहते. आता तेवढेच चार लिटर मावणारे, पण पसरट, सव्वीस सेंटिमीटर तोंडाचे भांडे घ्या. पोटात धान्य तेवढेच. शीग मात्र दीड लिटरांची. दोन्ही भांडी पायलीच म्हणवतात. अरुंद तोंडाच्या पायलीने, वरून काठी फिरवून द्यावे, आणि पसरट पायलीने शीग भरून घ्यावे, एवढेच ज्याला जमले त्याला खोटे बोलण्याची गरज उरत नाही. शंभर पायल्या दिल्या, शंभर पायल्या घेतल्या, वहीत एक अक्षरही खोटे नाही. आणि घेणाऱ्याच्या घरी पस्तीस-चाळीस पायल्या धान्य फुकट आले.

ही लबाडी नवी नव्हे, आणि तिची जाणीवही नवी नव्हे. कौटिल्याने अर्थशास्त्रात वजनमापांसाठी स्वतंत्र अधिकारी सांगितला आहे. मापे वाळलेल्या कठीण लाकडाची असावीत, शिगेचा भाग चौथाई धरून ती घडवावीत किंवा शीग पोटातच सामावेल अशी करावीत, आणि दर चार महिन्यांनी ती तपासून शिक्का मारून घ्यावीत, असा त्याचा दंडक आहे. शीग हा वादाचा विषय आहे, हे त्याने ओळखले होते. परंतु त्याच प्रकरणात दुसरी एक गोष्ट आहे, ती वाचून आम्ही थांबलो. द्रोणाचे मान उडदाच्या वजनावरून ठरविताना त्याने चार द्रोण सांगितले. राजाच्या कोठारात धान्य घेण्याचा द्रोण दोनशे पळांचा; बाजारातील व्यवहाराचा साडेसत्याऐंशी अधिक शंभर, म्हणजे एकशे साडेसत्याऐंशी पळांचा; चाकरांना वेतन म्हणून वाटण्याचा एकशे पंचाहत्तरांचा; आणि अंतःपुराच्या वाटपाचा एकशे साडेबासष्टांचा. सोळा, पंधरा, चौदा आणि तेरा, असे हे प्रमाण पडते. नाव चारही ठिकाणी द्रोणच. शेतकऱ्याने सोळा द्यावे आणि चाकराने चौदा घ्यावे. कौटिल्याने हे उघडपणे लिहून ठेवले, हिशेबात धरले. त्यात चोरी नाही असेही म्हणता येईल. पण मापाची सत्ता ज्याच्या हाती त्याचे माप मोठे, हा जगाचा नियम इतक्या स्वच्छपणे दुसऱ्या कोठे सांगितलेला आमच्या वाचनात नाही.

गावगाड्यात हीच गोष्ट नम्र वेषात वावरत होती. खळ्यावर रास मापताना मापारी पहिल्या पायलीस 'एक' न म्हणता 'लाभ' म्हणे; मग दोन, तीन. या रीतीतला भाव सुंदर आहे, आणि तो आम्हांस प्रिय आहे. परंतु ज्याने आषाढात सावकाराकडून बियाणे उचलले आणि पौषात दीडपटीने परत केले, त्याच्या कानाला तो 'लाभ' कसा लागत असेल? पेरणीला सपाट माप, सुगीला शिगेचे माप, आणि वर व्याज. जुन्या पायलीबद्दल हळहळणाऱ्यांनी हे विसरू नये. त्या पायलीत औदार्याची शीग होती तशी जुलमाचीही होती, आणि दोहोंचा आकार एकच होता.

म्हणूनच काट्याचे आगमन आम्ही न्यायाचा विजय समजतो. आमच्या भागाच्या इतिहासात एक योगायोग आहे. १ नोव्हेंबर १९५६ रोजी राज्यपुनर्रचना झाली आणि बेळगाव, निपाणी ही गावे मुंबई राज्यातून म्हैसूर राज्यात गेली. त्याच वर्षीच्या डिसेंबरात संसदेने प्रमाणित वजने व मापे यांचा कायदा केला. १९५७च्या एप्रिलात दशमान नाणी आली, १९५८च्या ऑक्टोबरापासून किलो पेठांत उतरू लागला, आणि काही वर्षांत शेर कायद्यातून गेला. एका सरहद्दीने आमच्या मनाचे दोन भाग केले, त्याविषयी येथे लिहिण्याचे कारण नाही. परंतु दुसऱ्या कायद्याने एवढे केले की, निपाणीचा किलो आणि कागलचा किलो एक झाला. सीमेच्या दोन्ही बाजूंस ज्याबद्दल वाद नाही अशा थोड्या वस्तूंपैकी किलो ही एक आहे. तो कोणा राजाचा नाही, कोणा भाषेचाही नाही. पूर्वी तो पॅरिसजवळ जपून ठेवलेल्या एका धातूच्या ठोकळ्यावर अवलंबून असे. २० मे २०१९ पासून तो निसर्गातील एका अढळ राशीवरून ठरविला जातो. मापारी बदलला म्हणून तो बदलत नाही.

महाभारतातील तुलाधार आणि जाजली यांची कथा या संदर्भात मननीय आहे. घोर तप केलेल्या जाजली ऋषीस धर्म शिकण्यासाठी वाराणसीच्या एका वाण्याकडे जावे लागले. त्या तुलाधाराचे भूषण कोणते? त्याची तागडी सर्व भूतांविषयी सारखी होती. तो कोणास झुकते माप देत असे, असे तेथे म्हटलेले नाही. ऋषी आला म्हणून मूठभर अधिक नाही, आणि दरिद्री आला म्हणून चिमूटभर कमी नाही. व्यवहारातील धर्म हा असा सपाट असतो. मैत्री, भीड, भीती, जात यांना जेथे शिरावयास फट मिळते ती फटच त्याने बुजविली होती.

काटाही खोटे बोलू शकतो, हे आम्ही जाणतो. दांडी मारणे हा शब्द उगीच आला नाही. निपाणी ही तंबाखूची पेठ. दवाने तंबाखूचे पान मऊ होते आणि वजनातही भरते, हे तेथील लहान मूलही सांगेल. ओल्या धान्यात आपण धान्याबरोबर पाणी विकत घेतो. मापाने हवा विकता येते, काट्याने पाणी. पण एक भेद आहे. काट्याची लबाडी उघड करण्यास दुसरा काटा पुरे होतो. शिगेची लबाडी उघड करावयास पूर्वी पंचायत बसवावी लागे, आणि पंच बहुधा शीग घेणाऱ्यांपैकीच असत.

येथवर शिगेविरुद्ध बोललो. आता तिच्या बाजूने बोलणे प्राप्त आहे. २००९चा वैधमापन कायदा १ एप्रिल २०११ पासून अमलात आहे. त्याच्या बाराव्या कलमाचा आशय असा की, करारात ठरलेल्या वजनापेक्षा, मापापेक्षा वा संख्येपेक्षा जास्त किंवा कमी मागण्यास वा घेण्यास मुभा देणारी कोणतीही रूढी, वहिवाट वा पद्धत रद्दबातल आहे. म्हणजे वरची मूठ, काठावरची शीग, शेकड्यामागे पाच नग, या साऱ्या जुन्या हक्कांवर कायद्याने पाणी सोडले. वाचकांनी या कलमातील क्रियापदांकडे लक्ष द्यावे. मागणे आणि घेणे यांवर त्याचा रोख आहे. आपखुशीने देण्याबद्दल ते काही बोलत नाही. शीग मागता येत नाही; देता येते. आमच्या मते साऱ्या प्रश्नाची किल्ली या भेदात आहे. तीच मूठ, तोच जिन्नस. ती घेणाऱ्याच्या इच्छेने पडली तर लूट होते, देणाऱ्याच्या इच्छेने पडली तर दान होते.

सुदाम्याचे पोहे आठवावेत. भागवतात सांगितल्याप्रमाणे त्याच्या पत्नीने शेजाऱ्यांकडून चार मुठी पोहे मागून आणले आणि चिंधीत बांधून दिले. भगवंताने त्यांतली एक मूठ खाल्ली आणि दुसरीच्या वेळी रुक्मिणीने हात धरला. पोहे तर अतिशय हलके. काट्यावर घातले तर त्या चार मुठी म्हणजे काही तोळे. पण ती गोष्ट वजनात सांगून पाहा. तिच्यात काही उरत नाही. मूठ हे असे माप आहे की, ज्याचे प्रमाण देणाऱ्याच्या देहातच असते. नववधू उंबरठ्यावरचे माप ओलांडते तेव्हा त्यात तांदूळ किती ग्रॅम, हे कोणी विचारीत नाही. महाराष्ट्रात शिक्षणसंस्था उभ्या राहात होत्या त्या काळी मुष्टिफंडाची रीत होती. बाई दळणाला बसण्यापूर्वी एक मूठ धान्य निराळ्या मडक्यात टाकी, आणि ते गोळा होऊन वसतिगृहातील मुलांच्या ताटात जाई. कर्मवीर भाऊराव पाटलांच्या रयत शिक्षण संस्थेचा पाया अशा मुठींनी भरला गेला. त्या मुठी दारात कोणी तोलल्या नाहीत. पण संस्थेच्या कोठीत आल्यावर त्यांचा हिशेब ठेवावाच लागे. घरी मूठ, कोठीत काटा. दोन्ही आपापल्या जागी योग्य.

आता त्या दानपत्राकडे वळू. पाच पायल्यांचे किलो करावयाचे कसे? वकिलाच्या दृष्टीने पहिली गोष्ट अशी की, 'पायली' हा स्थानिक आणि जुना झालेला शब्द आहे. अशा शब्दाचा अर्थ कोशावरून नव्हे, तर त्या ठिकाणच्या वहिवाटीच्या पुराव्यावरून ठरवावा, हे १८७२च्या पुरावा कायद्याच्या ९८व्या कलमाचे तत्त्व होते, आणि १ जुलै २०२४ पासून त्याच्या जागी आलेल्या साक्ष्य अधिनियमातही ते कायम आहे. तेव्हा देवस्थानाच्या कोठीतील जुनी पायली शोधावी. तीत त्याच जातीचा तांदूळ भरावा. उकडे असतील तर उकडे, सुरय असतील तर सुरय. न हलवता, न दाबता, तीनदा सपाट भरून तोलावे; तीनदा शिगेने भरून तोलावे; सरासरी काढावी. डाळीसाठी निराळे तोलावे, कारण तांदळाचा आकडा डाळीस लागत नाही. हे दोन्ही आकडे तारखेसह वहीत लिहावे. पायली नाहीशी झाली असेल, तर ज्यांनी ती हाताळली त्या वृद्धांचे सांगणे आणि जुन्या वह्यांतील किती माणसे जेवली याच्या नोंदी पाहाव्या.

मग राहतो खरा प्रश्न: सपाट आकडा घ्यावा की शिगेचा? देवाच्या कामी शीगच बरी, असे कोणीही भाविक म्हणेल. येथेच आम्हांस थोडे कठोर व्हावे लागते. विश्वस्त जे देतो ते त्याचे नसते. दुसऱ्याच्या ठेवीतून शीग भरणे हे औदार्य नव्हे. ते फार तर सोपे औदार्य आहे. दात्याच्या हयातीत त्या नेमणुकीचे माप शिगेने भरले जात होते असे दिसत असेल, तर शीग ही त्याच्याच दानाचा भाग आहे, आणि ती कमी करणे म्हणजे मृताच्या हातून मूठ काढून घेणे. तशी वहिवाट दिसत नसेल, तर ठेवीतून सपाट मापाएवढेच द्यावे आणि हिशेब चोख ठेवावा. याला कोणी कृपणपणा म्हणेल. परंतु ज्यांच्या हाती दुसऱ्याचे माप असते त्यांनी तुलाधारासारखे असावे, नाही तर आज देवासाठी चढलेली शीग उद्या पाहुण्यांसाठी आणि परवा स्वतःसाठी चढते. संस्थांचा ऱ्हास बहुधा असाच होतो. चोरीने सुरू न होता तो सैल हाताने सुरू होतो.

पण मग शीग कोणी भरावी? ज्याने त्याने आपल्या पदरची. विश्वस्तांनी काट्याने अठरा भरोत वा सोळा भरोत, उत्सवाच्या आदल्या दिवशी गावातील घराघरांतून मूठ मूठ तांदूळ आला, तर त्या पाच पायल्यांवर शीग चढते, आणि ती कोणाच्या हक्कावर घाला घालीत नाही. मापाकडून वजनाकडे येताना आपण काही गमावले असेल तर ते एवढेच की, पूर्वी भांड्याचा आकारच आपल्याला वर काही घालण्याची आठवण देई. काट्याचा आकडा ठरल्या ठिकाणी थांबतो, तो काही सुचवीत नाही. जी गोष्ट भांडे सुचवीत होते ती आता माणसाने स्वतः आठवावयाची आहे.

तेव्हा मंदिरांच्या कोठीत दोन गोष्टी असाव्यात अशी आमची सूचना आहे. भिंतीवर एक तक्ता, ज्यात त्या त्या कोठीतील वाटीचे आणि पायलीचे, जिनसागणिक तोलून काढलेले वजन लिहिलेले असेल. म्हणजे प्रसादाची चव आणि ठेवीचा हिशेब दोन्ही बिघडणार नाहीत. आणि दाराशी एक मोकळी पायली, जीत येणाऱ्याने हवे तर मूठभर टाकावे. तक्त्याचे उत्तर विश्वस्तांनी द्यावे. पायलीचे उत्तर कोणी कोणाला मागू नये.